अशील, असल आणि अस्सल

बेळगावच्या कोर्टात वीस वर्षं काढली. नाव झालं नाही, किस्से मात्र साठले. आणि जवळजवळ प्रत्येकात येडा ठरलेला माणूस मीच.

एकदा काझीसर प्रतिज्ञापत्र करायला ऑफिसात आले. अरबी शिकवून रिटायर झालेले. मी फोनवर 'माझे अशील, माझे अशील' करत होतो. फोन ठेवल्यावर म्हणाले, "अशील शब्द अरबी हाय, माहिताय? 'अस्ल' म्हणजे मूळ, झाडाचं असतं तसलं. त्यातनंच असल, अस्सल, उसूल. अशील म्हणजे खटल्यातला मूळ माणूस."

"आणि वकील?"

"तो निराळ्या धातूतला. व-क-ल, सोपवणं. मूळ माणसाच्या जागी उभा केलेला."

"बदली कामगार," टायपिंग न थांबवता आमच्या सुमनआक्का म्हणाल्या.

मला ते मूळ-बिळ लई आवडलं. दुसऱ्याच दिवशी कंग्राळीचे भरमाआप्पा आले. शेताच्या वाटणीवरनं धाकट्या भावाशी त्यांची चार वर्षं केस चाललेली. त्यांना ऐटीत सांगितलं, "आप्पा, तुम्ही मूळ, आम्ही फांदी."

आप्पांनी टोपी सारखी केली. "व्हय. पण फांदीला फळ कवा लागायचं?"

तेवढ्यानं शहाणा झालो असतो तर! पुढच्या तारखेला हीच विद्या कोर्टात पाजळली. अशील आणि अस्सल एकाच मुळाचे, तेव्हा माझ्या अशिलाचं वाटणीपत्रही अस्सल, असा युक्तिवाद. जज कानडी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "असल प्रती एल्लिदे?" असल प्रत कुठं आहे? कानडीतही शब्द तोच निघाला. माझ्या हातात झेरॉक्स होती.

त्यानंतर मूळ कागद घेऊन गेलो, तर धाकट्याच्या वकिलानंही एक काढला. बांध वेगळा, पण दोन्हीवर आईचा अंगठा. म्हणून आईला, गंगव्वाला, साक्षीला बोलावलं. भाऊ दोन टोकांना बसलेले, चार वर्षांत एकमेकांशी अक्षर बोललेले नाहीत. मी विचारायचे बावीस प्रश्न लिहून आणले होते.

जजनी दोन्ही कागद तिच्यापुढं धरले आणि मोडक्या मराठीत विचारलं, "आजी, यातला अस्सल कुठला?"

तिनं कागदांकडं बघितलंच नाही. आधी थोरल्याकडं बघितलं, मग धाकट्याकडं.

"दोघं बी," म्हणाली. "माझ्याच पोटचं हाईत."

तिला पिंजऱ्यातनं उतरवायला धाकटा उठला. दुसरा हात आप्पांनी धरला. आम्ही दोन्ही वकील तेवढे फायली घेऊन उभे होतो.