गलाईवाल्यांना आत सोडू नये

दातांच्या डॉक्टर कदमबाई पेशंटचं नाव विचारायच्या आधी त्याला पेलाभर पाणी पाजायच्या आणि टक लावून त्याच्या नाकाकडे बघायच्या. मी प्यालो. निम्मं पोटात गेलं, निम्मं डाव्या नाकपुडीतून शर्टावर आलं. "बसा," त्या म्हणाल्या, "तुम्ही माझेच."

आमच्या आटपाडी भागातली कितीतरी माणसं परमुलखात गलाई करतात, म्हणजे सराफांचं सोनं गाळून देतात. मी आठवीतून शाळा सोडून कोइमतूरला फुंकणी धरली. तिथे वरची दाढ काढली आणि तोंडातून थेट गालामागच्या पोकळीत भोक राहिलं. भट्टीवर मारलेली फुंक नाकातून जायची. दुसरी विद्या अंगात नव्हती, म्हणून सांगलीला बाईंच्या दवाखान्यात आलो.

बाईंनी हिरडीची कातडी ओढून भोक शिवलं. "पंधरा दिवस शिंकरायचं न्हाई, फुंकायचं न्हाई. शिंक आली तर तोंड उघडून द्या. लाजू नका, इथं कोण सोयरीक घेऊन आलेलं न्हाई."

चौथ्या दिवशी गावचे गलाईवाले मला दवाखान्यात भेटायला आले. आमच्यात बायकोच्या अंगावरचं सोनंही कसोटीवर घासल्याशिवाय खरं मानत नाहीत. पोपटमामा म्हणाले, "पक्कं झालंय का बघ की. नाक दाब अन् फुंक रं!" सगळे गंभीर होऊन माझ्या तोंडावर वाकले. मी फुंकलं. टाके सुटले. "काम कच्चं हाय," मामांनी निकाल दिला, आणि मला आणलेली केळी खाऊन मंडळी गेली.

बाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "आवं, सोन्याला कस लावा. माझ्या टाक्याला कशाला?" काही आठवड्यांनी जखमेची सूज उतरल्यावर त्यांनी गालातली चरबी ओढून पुन्हा भोक बुजवलं आणि माझ्या खोलीच्या दारावर पाटी लावली : 'गलाईवाल्यांना आत सोडू नये.' तज्ज्ञांचा अपमान झाला म्हणून मामा आजही माझ्याशी बोलत नाहीत.

मी अजून दवाखान्यातच होतो, तेव्हा कोइमतूरहून माझ्या भट्टीच्या शेठचा फोन आला, "येतोस, का दुसरा माणूस बघू?" मी फोन बाईंपुढे धरला. बाईंनी फोन घेतला. "दोन महिने हा फुंकणार न्हाई."

"मग दुसरं काय येतंय त्याला?"

"गप बसायला शिकवलंय मी. तुमच्या धंद्यात तेवढंच कुणाला येत नसंल."

शेठ हसले. जागा राहिली.

दोन महिन्यांनी कोइमतूरला भट्टीपुढे बसलो, पण फुंकणी ओठाला लावायचा धीर होईना. बाईंना फोन लावला.

"फुंकू का?"

"फुंका."

"सुटलं तर?"

"तर माझं चुकलं आसंल. ह्या खेपेला तुमचं न्हाई."

मी फुंकलं. ज्योत सरळ गेली. काही बोलायच्या आत पलीकडून बाईंनी सोडलेला श्वास ऐकू आला.