उजवा स्पीकर

आठ वाजले तरी धुकं हलायचं नाव घेत नव्हतं. तारेवरच्या चादरी दमटच. म्हणजे आज सगळ्या इस्त्रीनंच वाळवायच्या. कॉलर पुठ्ठ्यासारखी करून देतात म्हणून गिऱ्हाइकांनी त्यांचं नाव पाडलं कडककाका. काकी जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून लाँड्रीत काका एकटेच.

इस्त्री तापेपर्यंत रेकॉर्ड लावायची, हा जुना शिरस्ता. रेकॉर्डही एकच. परदेशातला कुणी भरदार गळ्याचा गायक आणि त्यानं बारा गायिकांबरोबर म्हटलेली बारा गाणी. भाषा कळत नव्हती. त्यात उजवा स्पीकर लग्नाआधीपासून मुका. गायकाचा आवाज डावीकडं, बायकांचा उजवीकडं. त्यामुळं तो बापडा विचारी आणि उत्तर कुणी देत नसे. ते काकी देत. चादरीचं दुसरं टोक धरून, मनाला येतील ते शब्द घालून, बिनधास्त बेसूर.

"त्याला बारा लागल्या," त्या म्हणत, "तुमचं एकीवर भागलं. उपकार माना."

काकी गेल्या, पण गायक थांबला की काकांना त्या जागी त्याच ऐकू येत.

काल लेक आली ती मेकॅनिकला घेऊनच. बाबा एकटे, आणि गाणंही अर्धंच ऐकतात, हे तिच्या मनाला लागलं होतं. त्यानं उजव्या स्पीकरची तुटलेली तार जोडली, आणि एक बाई गायला लागली. मखमली आवाज, सुरात पक्की. लेकीनं रेकॉर्डची पहिली बाजू पुरी वाजवली.

"आता कसं भरल्यासारखं वाटतंय, नाही बाबा?"

"गुणाच्या आहेत गं साऱ्याजणी," काका म्हणाले. लेक खुशीत घरी गेली.

आज त्यांनी आधी उजव्या स्पीकरची तार उपटली, मग सुई ठेवली. गायकानं विचारलं, थांबला. त्या जागी कालचीच बाई आली. तार नाही, स्पीकर बंद, तरी आली. दुसऱ्या गाण्यात कालची दुसरी. तिसऱ्यात काकांनी काकींचा सूर आठवून पाहिला, तो हाती लागेना. त्यांनी सुई उचलली.

दुसरी बाजू काल वाजलीच नव्हती.

रेकॉर्ड उलटली. गायकानं विचारलं, थांबला. काका चादरीचं एक टोक धरून उभे. आणि आल्या काकी, चांगल्या दोन पट्ट्या वर.

"सहा गाणी वाचली," काका पुटपुटले.

मग चादरीचं दुसरं टोक खुर्चीच्या पाठीला अडकवलं, पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवायला घेतली.