हिरव्या पोलक्याच्या चिंध्या

फुकट मिळालेली वस्तू मी आधी उलटी करून बघते. नातसुनेनं वाढदिवसाला साडी आणली, तरी मी पदर सोडून मागची बाजू बघत बसले. "आजी, दोरे मोजताय का?" म्हणाली. मोजते बाई! माझा स्वभावच संशयी, आणि तो या वयात जायचा नाही. पण या स्वभावापायी एका नाताळात मी एका बाईच्या पोटावर पाय दिला. ते आजवर घरात कुणाला धड सांगितलेलं नाही.

मी लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा कापड रेशनवर मिळायचं. तलावाच्या अलीकडच्या गल्लीत आमची कौलारू बैठी चाळ होती. पहिल्या दोन खोल्या आमच्या आणि शेवटची शिवणबाईंची. सगळे त्यांना शिवणबाईच म्हणत. ख्रिस्ती, पण पिढ्यान्‌पिढ्या ठाण्यातल्याच; बोलताना 'काय गो' म्हणायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. खिडकीशी हातमशीन घेऊन बसलेल्या असायच्या. चाळीतल्या यच्चयावत बायकांची पोलकी आणि पोरांची झबली त्यांच्याच हातची.

त्यांची एक रीत होती. पोलकं शिवून आलं, की त्याला टाचणीनं एक पुरचुंडी लावलेली असायची. त्यात कापताना उरलेल्या सगळ्या चिंध्या. नखाएवढा तुकडासुद्धा बाई ठेवून घेत नसत. सासूबाई ती पुरचुंडी न सोडताच ट्रंकेत टाकायच्या. पण मी नवी नवरी असताना त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, "कापडाचं एवढं काही नाही गं, पण अंगाच्या कापडाची चिंधी आणि डोक्याचा केस परक्याच्या हाती जाऊ देऊ नये. कोण काय करील, नेम नाही."

मला तेवढं पुरे होतं. मी प्रत्येक पुरचुंडी सोडायचे, चिंध्या जमिनीवर मांडून पोलक्याशी जुळवून बघायचे. कधी तुकडा कमी निघाला नाही. याचाही मला संशय यायचा. इतका चोख माणूस असतो का कधी!

आणि मला भीती वाटायला कारण होतं. आदल्या वर्षी माझं पहिलं पोट तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. आई माझी लहानपणीच वारलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही माहेरी जाणं नव्हतं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी पायरीला, मांजराला, दुपारच्या उन्हाला, सगळ्याला घाबरायला लागले. दुधानं तोंड पोळलेली मी, ताकसुद्धा फुंकून प्यायचे. हे मूल हाती लागेपर्यंत माझा कशावरही विश्वास नव्हता.

सातव्यात डोहाळजेवण झालं. त्यासाठी हिरवं पोलकं बाईंनी शिवलं. घरी आणून चिंध्या मांडल्या, तर चांगल्या ओंजळभर कमी! बाह्यांच्या खालचे तुकडे नाहीत, पाठीचा लांबट तुकडा नाही. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे गं. उचल ते."

असू दे? माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

चार दिवसांनी दुसरंच. विंचरताना निघालेलं गुंतवळ मी कोनाड्यात करवंटीत साठवायचे. सुया-पोत विकणारी वैदीण आली की गुंतवळ घेऊन सुया द्यायची. करवंटी रिकामी! वैदीण तर महिनाभर फिरकली नव्हती. केस काय उंदीर नेतात? मी कुणाला बोलले नाही. यांना सांगितलं असतं तर हे हसले असते, आणि मला हसणारं माणूस त्या दिवसांत सहन होत नव्हतं.

तेवढ्यात नाताळ जवळ आला आणि शिवणबाई दारोदार फिरून काहीबाही मागायला लागल्या. रिकाम्या काडेपेट्या आहेत का? चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद टाकू नका गो. दिवाळीचा कंदील फाटला असेल तर सांगाडा द्या. मी दिला, पण दारामागून बघत राहिले, की ही बाई या कचऱ्याचं करते तरी काय. दुपारी त्यांच्या खिडकीत सगळं दिसायचं. आमच्या कंदिलाच्या कामट्या सोडवून त्यांनी पाच टोकांची चांदणी बांधली आणि तिला पतंगाचा कागद खळीनं चिकटवला. सहा काडेपेट्या एकावर एक चिकटवून त्याचं खणांचं इवलंसं कपाट केलं, खण ओढायला शर्टाची तुटकी बटणं लावली. चांदीचा कागद नखानं घासून सपाट करायच्या आणि त्याची फुलं कातरायच्या. माझी सगळी दुपार त्यांच्यावर पहारा करण्यात जायची. ते कपाट मला फार आवडलं होतं, हेही खरं. मग आणखी राग यायचा.

नाताळच्या आधी सासूबाई कल्याणला गेल्या. नणंदेच्या मुलाला गोवर आला होता. घरात मी एकटी, आणि हे सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे.

नाताळच्या सकाळी बाई नवं लुगडं नेसून आल्या. ताटात करंज्यांसारख्या नेवऱ्या, वर विणलेला रुमाल. मागे चाळीतली पोरं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी. माझ्या हातात त्यांनी एक कागदाची पुडी ठेवली. "उघड गो," म्हणाल्या.

आत वीतभर बाहुली होती. पांढऱ्या कापडाचं तोंड, काळ्या दोऱ्याचे डोळे. अंगात हिरवं. माझ्या पोलक्याचं हिरवं! आणि पोट हे एवढं, गच्च भरलेलं, गोल. त्या पोटात गोलाकार टाचण्या खुपसलेल्या, सात.

बाई हसत होत्या. "बाळंतपण होऊ दे," म्हणाल्या, "मग कळेल तुला हिचा उपयोग." पोरांनी त्यांना पुढच्या दाराकडे ओढत नेलं.

मी दार लावलं. बाहुलीच्या पाठीची शिवण कातरीनं उसवली. आत केस. काळे, गच्च कोंबलेले. नाकाशी नेले तर माक्याच्या तेलाचा वास. ते तेल माझी काकू माझ्यासाठी करून पाठवायची, आख्ख्या चाळीत दुसऱ्या कुणाच्या डोक्याला नव्हतं. माझं कापड, माझे केस, टाचण्या पोटात, आणि महिना सातवा. आणखी काय बघायचं होतं मला?

चिमट्यानं उचलून मी ती बाहुली बंबात टाकली. केस जळल्याचा वास घरभर पसरला. नेवऱ्या केराच्या टोपलीत गेल्या. मग मी नळावर गेले आणि सगळ्यांना सांगितलं.

नळावर सांगितलेली गोष्ट जाते तितक्याच आकाराची परत येते थोडीच! कुणाच्या पोराचा खोकला महिनाभर जात नव्हता. कुणाच्या सुनेला चक्कर यायची. सगळ्यांची कापडं बाईंकडूनच जात होती. तरी एक जरा वयस्क बाई म्हणाली, "अगं, इतकी वर्षं बघतोय आपण तिला." त्यावर मी जे बोलले ते अजून कानात आहे. मी म्हणाले, "गेल्या वर्षीसुद्धा माझं पोलकं त्यांनीच शिवलं होतं."

त्या दिवशी दुपारपासून बायका शिवणबाईंच्या खिडकीशी जाऊन आपापली कापडं न कापताच परत घ्यायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात आल्या. उंबरठ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या. "पोरी, माझं काय चुकलं? बाहुली आण इकडे. मी तुझ्यासमोर उलगडून दाखवते."

"जाळली," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजर खाली आली, पोटाशी. मी झटकन पदर पोटावर ओढून घेतला. बाईंना तो पदर दिसला. त्या वळल्या.

सासूबाई आल्या तेव्हा शेवटच्या खोलीला कुलूप होतं. मशीन हातगाडीवर घालून बाई डोंबिवलीला भावाकडे निघून गेल्या होत्या. मी सासूबाईंना सगळं सांगितलं, जरा तोऱ्यातच सांगितलं म्हणा, घर वाचवल्यासारखं. त्या ऐकता ऐकता खालीच बसल्या.

"अगं रांडे!" म्हणाल्या. एरवी त्यांच्या तोंडून असा शब्द कधी निघाला नव्हता. "गुंतवळ मी दिलं तिला. चिंध्या मीच ठेव म्हटलं. टाचण्या खोचायची उशी होती ती! केसांना तेल असतं, म्हणून आत केस भरतात, टाचण्या गंजत नाहीत. तिच्या मशीनशेजारचा तो टाचण्या खोचलेला काळपट गोळा काय वाटला तुला? तिच्या आईच्या केसांचा आहे."

"पण मला कशाला?"

"बाळंत झालीस की तुला शिवण शिकवणार होती ती. मी विचारलं होतं. आईविना पोर आहे, हातात कला असावी म्हणून. आणि तिनं काय द्यायचं दुसरं? रेशनच्या दिवसांत विकत आणून देईल? होतं नव्हतं त्यातून केलं तिनं."

मी तरी सोडते का? म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं, केस परक्याच्या हाती देऊ नये म्हणून."

"परक्याच्या म्हटलं होतं मी," सासूबाई म्हणाल्या. "ती परकी कधीपासून झाली?"

त्या नळावर जाऊन सगळ्यांशी भांडल्या. बायका हो हो म्हणाल्या. पण डोंबिवलीला कापड घेऊन कोण जाणार होतं?

फाल्गुनात मला मुलगी झाली. धडधाकट, चाळ डोक्यावर घेणारी. बारशाच्या दिवशी शिवणबाईंचा भाऊ दारात एक पुडकं देऊन पाणीही न घेता गेला. आत हिरवं टोपरं होतं, त्याच कापडाचं, कडेला पांढरा दोरा घातलेला. चिंध्या कशाला ठेवून घेतल्या होत्या, ते आता कळलं.

आणि मी काय करावं? सगळं ठाऊक असताना, सगळं ऐकलेलं असताना, मी ते टोपरं उलटं केलं आणि त्याची शिवण बोटांनी चाचपायला लागले. आत काही आहे का बघायला! सासूबाई समोर बसल्या होत्या. माझ्या बोटांकडे बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टोपऱ्याला टाचणीनं पुरचुंडी लावलेली होती. नेहमीसारखी. मी ती सोडली, ट्रंकेतून पोलकं काढलं, जुन्या चिंध्याही काढल्या आणि सगळं जमिनीवर मांडलं. टोपऱ्याची जागा टोपऱ्यानं भरली. काही तुकडे दोऱ्याएवढे बारीक होते, तेही बाईंनी पाठवले होते. सगळं जुळलं. मधे फक्त हाताच्या पंजाएवढी जागा रिकामी राहिली.

"तिच्याकडचं सगळं आलं," सासूबाई म्हणाल्या. "कमी आहे ते तू जाळलंस."

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर मी डोंबिवलीला गेले. स्टेशनच्या पलीकडे तेव्हा नुसती भातखाचरं होती. बांधावरून विचारत विचारत घर सापडलं. बाई ओसरीवर बसून कुणाचं तरी जुनं धोतर पंचे करायला फाडत होत्या. वाळल्या होत्या. मशीनवर कापड झाकलेलं होतं.

मी पायाशी बसले. रडले, बोलले, काय काय बोलले ते आठवत नाही. त्या ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "पुरे गो. पाणी घे." राग दिसला नाही. राग दिसला असता तर बरं झालं असतं.

मुलीच्या डोक्यावर ते टोपरं होतं. बाईंनी लांबूनच बघितलं. "बरोबर बसलं," म्हणाल्या, आणि त्यांचा हात पुढे आला. गालापर्यंत आला आणि थांबला. मागे गेला.

"घ्या ना," मी म्हणाले. "तुमच्या मांडीवर घ्या तिला."

त्यांनी दोन्ही हात लुगड्याच्या पदराखाली घेतले.

"नको पोरी," म्हणाल्या. "उद्या हिला ताप आला तर?"