सूचीछिद्र कॅमेरा आणि अप्पा

तीस वर्षं मी फळ्यावर एकच मेणबत्ती उलटी काढली. डावीकडे सुलटी मेणबत्ती, मधे खोका, खोक्याला भोक आणि खोक्याच्या आत उलटी मेणबत्ती. नाव मात्र भारदस्त, सूचीछिद्र कॅमेरा. मुलं आकृती काढायची, बाणांना टोकं द्यायची आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन जायची. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, मॅडम, ह्यातनं खरंच दिसतंय व्हय? ‘दिसतं की,’ म्हणून मी पुढचा धडा घेतला. त्या भोकातनं मी स्वतः कधी काही पाहिलं नव्हतं. पदार्थविज्ञानाच्या शिक्षिकेनं ते पाहिलंच पाहिजे, असा काही शासननिर्णयही नव्हता.

निवृत्त झाले आणि रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी मी ह्या भोकाच्या मागं लागले. आमच्या गल्लीतल्या सुताराकडून प्लायवूडचा खोका करून घेतला. आत चार बाय पाच इंचांचा कागद बसला पाहिजे आणि प्रकाशाचा कणही शिरता कामा नये, हे त्याला दोनदा सांगितलं. भिंग कुठं बसवायचं, असं त्यानं विचारलं. भिंग नाही, नुसतं भोक, म्हटल्यावर तो म्हणाला की मग ह्याला कॅमेरा कशाला म्हणायचं, खोकाच म्हणा. खोका सुरेख केला होता. फक्त बंद लाकडाला कुबट वास येतो म्हणून त्यानं मागच्या बाजूला, आपण होऊन, हवेसाठी दोन भोकं पाडून ठेवली होती. ती मी काळ्या चिकटपट्टीनं बुजवली. खरं भोक मी पाडलं, कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याला घरातल्या सगळ्यात बारीक सुईनं.

न्हाणीघराची डार्करूम झाली. फोटोच्या कागदाला लाल उजेड चालतो, म्हणून देवघरातला लाल झिरोचा बल्ब मी तिकडं लावला. देव आठवडाभर अंधारात आहेत हे आमच्या ह्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते म्हणाले, देवाचं एक वेळ चालेल, पण माझ्या अंघोळीचं काय? त्यांच्या अंघोळीची वेळ मग रसायनांच्या वेळेनुसार ठरू लागली. मला त्याचं वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

पहिला फोटो काढायला मी रंकाळ्यावर गेले. तिकाटण्यावर खोका ठेवून, भोकावरचं झाकण काढून, घड्याळाकडं बघत उभी राहिले. मिनिटभरात एकजण जवळ आला आणि त्यानं विचारलं, मोजणी हाय व्हय? नाही म्हटलं तरी त्याचा विश्वास बसेना. रस्ता नेमका कुणाच्या बाजूनं रुंद होणार, एवढंच त्याला हवं होतं. बघता बघता पाचसहा जण जमले. त्यातल्या एकानं दुसऱ्याला, मॅडम वरनं आदेश असल्याशिवाय सांगायच्या न्हाईत, असं समजावलं. सगळे माझ्या खोक्यासमोरून येरझारा घालत होते. घरी येऊन कागद धुतला तर त्यात माणूस एकही नव्हता. सहा मिनिटांच्या फोटोत हलणारं काही उमटत नाही, हे मीच शिकवलेलं विज्ञान. पाण्यात बसलेली एक म्हैस तेवढी स्पष्ट आली होती. सहा मिनिटं तोंड मिटून एका जागी राहणं आमच्या गावात तिलाच जमतं.

हे सगळं हौसेखातर चाललंय असं मी लोकांना सांगत होते. ते खरं नव्हतं. मला अप्पांचा फोटो हवा होता.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय शहाऐंशी. चंदगडच्या पावसात उभी हयात मास्तरकी केली आणि आता कळंब्याला भावाकडं असतात. कळंबा म्हटलं की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढं आधी जेल येतं, म्हणून ‘तलावाच्या अंगाला’ असं जोडून सांगावं लागतं. अप्पा फोटो काढू देत नाहीत. नातवंडांनी मोबाईल उचलला की तोंड फिरवतात, त्यामुळं घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये त्यांचा उजवा कान आहे. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मात्र दरवर्षी ताठ बसून, डोळे उघडे ठेवून चेहरा दाखवतात. जिवंत असल्याच्या फोटोला त्यांची हरकत नाही. शहाऐंशीव्या वर्षी लेकीला बापाचा फोटो कशाला हवा असतो हे त्यांना कळतं, हरकत आहे ती त्याला. ‘हाराचं माप घ्यायला आलीस व्हय?’ असं त्यांनी मला तोंडावर विचारलं होतं. छे, काहीतरीच काय, असं म्हणून मी वहिनीला चहा टाकायला मदत करायला गेले.

पण त्यांचं बरोबर होतं. आई गेली तेव्हा तिचा एकही धड फोटो घरात सापडला नाही. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीच्या फोटोतून तिला कापून काढलं आणि मोठं केलं. भिंतीवरच्या त्या चौकटीत आईच्या खांद्याशी आजही कुणाचं तरी कोपर आहे. कुणाचं ते कुणालाच माहीत नाही. दर वर्षी आम्ही आईला हार घालतो आणि त्या कोपरालाही घालतो. तसं अप्पांचं होऊ नये, एवढंच मला हवं होतं. आणि ते त्यांना सांगायची माझी छाती होत नव्हती.

म्हणून मी चोरीचा बेत केला. कागदाला सहा मिनिटं लागतात, पण शीट फिल्म वीसपंचवीस सेकंदांत भागवते. अप्पा एखादी जुनी गोष्ट रंगवून सांगत असताना खोका बाजूला ठेवायचा, झाकण काढायचं, लावायचं. त्यांना पत्ताही लागणार नाही. कुरिअरनं फिल्मचं पाकीट मागवलं. त्यावर पूर्ण अंधारातच उघडावं असं ठळक छापलं होतं. अशा सूचना अडाण्यांसाठी असतात अशी माझी समजूत. मी न्हाणीघरात लाल बल्ब लावून पाकीट उघडलं. फिल्मच्या कोपऱ्याला बारीक खाचा असतात, अंधारात बोटांनी चाचपून कुठली बाजू वर ते कळावं म्हणून. मला त्या चाचपाव्या लागल्या नाहीत. लख्ख दिसत होत्या. केवढी सोय केली आहे, म्हणून मी कंपनीचं कौतुकही केलं.

कागदाला लाल रंग दिसत नाही, फिल्मला दिसतो. वर्णपटाचा धडा मी मेणबत्तीच्या पुढच्याच महिन्यात घ्यायचे. सरावासाठी घरीच फोटो काढून पहिली फिल्म धुतली ती तव्यासारखी काळी. दुसरी तशीच. सगळं पाकीटच मी उजेडात उघडलेलं असल्यामुळं उरलेल्या फिल्म तपासण्यात काही अर्थ नव्हता, तरी मी आणखी दोन धुऊन बघितल्या. न्हाणीघराच्या दारात बसून मला रडू आलं. फिल्म गेली म्हणून नाही. आता उरला होता कागद, आणि कागदावर चोरी करता येत नाही. सहा मिनिटं बसायचं तर माणसाला विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी कळंब्याला गेले आणि सरळ विचारलं. अप्पांनी पेपर खाली केला. किती वेळ लागतो, म्हणाले. सहा मिनिटं, आणि अजिबात हलायचं नाही. त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले की फोटोला ते बसणार नाहीत, पण सकाळी पूजेला बसणारच आहेत. त्या वेळी कोण आजूबाजूला काय करतंय ह्याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

आम्ही लिंगायत. अप्पा रोज सकाळी भस्म लावून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसतात आणि त्यावर नजर लावून एकशे आठ वेळा जप करतात. त्या वेळी घरात भांडं पडलं तरी त्यांची पापणी हलत नाही. इतकी वर्षं हा माणूस रोज माझ्यासाठी फोटोला बसत होता आणि ते माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. फक्त आतल्या खोलीत उजेड नव्हता. तेवढ्यापुरतं त्यांनी आसन पुढच्या सोप्यात, सकाळच्या उजेडात मांडू दिलं. घड्याळाकडं बघायचं कारण नाही, असंही बजावलं. जप संपला की ते घसा खाकरणार, तेव्हा झाकण लावायचं.

मी झाकण काढलं आणि बाजूला उभी राहिले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून थांबली होती. अप्पांचे फक्त ओठ हलत होते. इतका वेळ मी त्यांच्या चेहऱ्याकडं टक लावून ह्याआधी कधी बघितल्याचं मला आठवत नाही. लहानपणी भीतीनं बघितलं नाही आणि नंतर कामात राहून गेलं. त्यांचा डावा हात फार बारीक झाला होता. त्यांनी घसा खाकरला तेव्हा झाकण कुठं ठेवलंय ते मला क्षणभर सापडेना.

दुपारी घरी कागद धुतला. उत्तम आला होता. तो दाखवल्याशिवाय मला राहवेना, म्हणून वाळता वाळताच रिक्षा केली आणि तसाच कळंब्याला घेऊन गेले. तो अजून निगेटिव्हच होता, म्हणजे पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं, शिवाय डावं ते उजवं. त्यावरून सुलटा फोटो करायचं काम बाकी होतं.

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघत होते. मला ते अजून अव्वा म्हणतात, आमच्या सीमेकडच्या घरांत लेकीला आईच्या हाकेनं बोलावतात.

‘अव्वा, ह्यो कोण?’

‘तुम्हीच की अप्पा.’

‘मी न्हवं. मी लिंग डाव्या हातावर घेतो, ह्यानं उजव्यावर घेतलंय. भस्म काळं लावलंय. केस काळंभोर, रंगानं गोरापान. ह्यो कोण तरी तरणा हाय.’

मी त्यांना निगेटिव्ह समजावून सांगितलं. उद्या ह्याचा सुलटा फोटो करते, मग हात जाग्यावर येईल, केस पांढरे होतील, तुम्ही तुमच्यासारखे दिसाल. तीस वर्षं शिकवल्याचा फायदा असा की मी ते फार छान समजावलं. अप्पांनी जुन्या मास्तराच्या सवयीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘सुलटा करू नगंस,’ ते म्हणाले.

‘का?’

‘हार घालायलाच पायजे न्हवं तुला? खरं सांग.’

वर्गात खोटं बोलणारं पोर मला लांबून ओळखू यायचं. ते कसं ओळखायचं, हे मी ज्यांच्याकडून शिकले ते माझ्यासमोर बसले होते.

‘व्हय अप्पा,’ मी म्हटलं.

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला.

‘मग ह्याला घाल.’