पाण्यातला नांगर

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर मी देऊळघाटच्या शाळेतल्या आमच्या गलबत सरांचं नाव घेतो. त्यांनी समुद्र कधीच पाहिलेला नव्हता. तरी महाराजांच्या आरमाराचा धडा आला की ते टेबलाची कड घट्ट धरून उभे राहत, जणू खाली लाटा आहेत.

दरवर्षी त्यांचा एकच प्रश्न असे. "चहूकडं लढाई चालू हाये. तिजोरीत पैसा थोडका. घोडे घेता का गलबतं बांधता? घोडा उद्याच लढन. गलबताले सागवान पाहिजे, सुतार पाहिजे, अन् वाट पाहाची हिंमत पाहिजे. बोला!" आम्ही शेतकऱ्यांची पोरं एका सुरात "घोडे!" म्हणायचो. सर कपाळाला हात लावत. "म्हणूनच तुमच्यातून महाराज निघत नाही बे."

त्याच धड्यात एकदा ते म्हणाले, "गलबतांनी खाडीत नांगर टाकले." मागच्या बाकावरून गजानन उठला. "सर, ऐन लढाईत नांगर कायले? पाण्यात पेरणी करून राह्यले का?"

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी हात वर केला. जहाज जागेवर धरून ठेवणारा लोखंडी आकडा, तोही नांगरच. मी शब्दार्थ पाठ करून आलो होतो. सर म्हणाले, "बरोबर. बस." माझ्या वाट्याला तेवढंच आलं. गजाननचा प्रश्न मात्र पुढच्या प्रत्येक वर्गाला त्यांनी सांगितला.

बारावीनंतर वडिलांनी मला बुलढाण्यात बियाण्याच्या दुकानावर लावायचं ठरवलं, तेव्हा सर घरी आले. "भाऊ, हा घोडा नाही, गलबत हाये. याले वेळ लागन."

वडील म्हणाले, "सर, गलबताले पाणी लागते. इथं प्यायले नाही."

"पाणी तो हुडकन. तुम्ही बांधा तर."

त्या एका वाक्यावर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. पेढे घेऊन सरांकडे गेलो, तर ओसरीवर गजाननने आणलेला हुरडा निवडणं चाललं होतं. पाहुण्यांना सरांनी माझी ओळख करून दिली, "हा गजाननच्या वर्गातला." पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच राहिला. गजानन शेती करतो, रोज संध्याकाळी सरांशी गप्पा मारतो, आणि त्याला इतिहासातलं काही येत नाही. मला येतं. त्याचा काय उपयोग, हे मला अजून कळलेलं नाही.

आता मी कोकणात एका कॉलेजात इतिहास शिकवतो. सरांचा प्रश्न इथं चालत नाही. पोरं विचार न करताच "गलबतं" म्हणतात. सर निवृत्त झाल्यापासून मी त्यांना समुद्र पाहायला बोलावत होतो. दरवेळी गुडघे, नाहीतर ऊन. परवा त्यांचा फोन आला. "येतो बे. गजाननले बी आणतो. त्याले एकदा पाण्यातला नांगर दाखवाचा हाये."

रात्रभर जळलो. सकाळी पत्र टाकलं.

"आदरणीय सर, सा. न.

अवश्य या. गजाननलाही आणा. गाडीत खिडकी तुम्ही घ्या, त्याला देऊ नका. बंदरावर गेल्यावर नांगर म्हणजे काय, ते त्याला मी सांगणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. आणि बरोबर सांगितलं तर या वेळी 'बस' म्हणू नका.

आपला,
गजाननच्या वर्गातला."