उलट्या पिळाची गाठ

पार्सल कचेरीच्या मागच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं. त्या टेबलाला सगळे दवाखाना म्हणायचे, कारण प्रवासात फाटलेली, चेपलेली, भिजलेली पार्सलं तिथे यायची. ती सोडायची, आतली वस्तू पुसूनबिसून घ्यायची आणि नव्या कागदात गुंडाळून पुन्हा बांधायची, हे काम एकोणीस वर्षं एकच बाई करत होती. कचेरीत सगळे तिला ताई म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला हमालसुद्धा ताईच म्हणायचा.

त्या वर्षी साहेबांनी सांगितलं, पुढच्या खोलीत टेबलखुर्चीचं काम हवं असेल तर संगणकाचं प्रमाणपत्र आणा. ताईची पाठ उभं राहून राहून बोलायला लागली होती. तिने वर्गात नाव घातलं. शनिवार-रविवार दुपारी वर्ग, आणि आजूबाजूला सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, ही कुणाला तरी पोचवायला आलीय. दुसऱ्या शनिवारी ती पुन्हा दिसली तेव्हा त्यांनी तिला काकू करून टाकलं आणि खिडकीजवळची जागा दिली.

पाच महिने तिने निभावून नेलं. सहाव्या महिन्यात सरांनी सांगितलं, आता प्रत्येकाने स्वतःची वेबसाइट करायची. पाच पानं. विषय एकच, आपला छंद. पुढच्या शनिवारी विषयाचं नाव लिहून द्यायचं.

पोरांना काय, तिथल्या तिथे विषय सुचले. कुणी क्रिकेट, कुणी गिटार, एकीने मांजरं. सर वहीत लिहून घेत खिडकीपर्यंत आले.

"तुमचं काय, ताई?"

"मला नाही हो छंद. घर आणि कचेरी, यातच दिवस जातो."

"असेल काहीतरी. शोधा," सर म्हणाले. माणूस साधा होता, पण नियमाचा पक्का. "छंद नाही असं लिहून पाच पानं भरता येणार नाहीत."

आठवडाभर ताईच्या डोक्यात हाच किडा वळवळत राहिला. छंद म्हणजे नक्की काय? मोकळ्या वेळात करतात तो, तर तिला मोकळा वेळच नव्हता. पैसे न मिळता करतात तो, तर भांडी घासणं हाही छंदच म्हणावा लागेल. वाचन लिहावं, तर शेवटचं पुस्तक कधी हातात धरलं ते आठवेना. बागकाम लिहावं, तर गॅलरीतल्या एकुलत्या एका रोपाने गेल्याच वर्षी मान टाकली होती.

शुक्रवारी संध्याकाळी लेक नवे बूट घेऊन आली. दुकानदाराने खोका सुतळीने आवळून बांधला होता. लेकीला बूट घालून बघायची घाई, आणि ताई खोका मांडीवर घेऊन बसलेली.

"आई, कात्री देऊ का?"

"थांब गं. ही बांधलीय कशी ते बघू दे."

"दहा मिनिटं झाली."

"नुसती निरगाठ नाहीये ही. खाली अजून एक अडकवलीय. माणूस हुशार आहे."

लेक खुर्चीवर बसली आणि आईकडे बघत राहिली. मग हसत म्हणाली, "आई, तू आजवर घरात एक तरी सुतळी कापलीस का? आणि तो कपाटातला डबा कसला आहे?"

तो डबा ताईच्या लेखी काहीच नव्हता. दवाखान्यात एखादी गाठ न्यारी दिसली की तेवढा तुकडा ती पिशवीत टाकायची, घरी आली की डब्यात. एकोणीस वर्षांत डबा गच्च भरला होता. दोघी मायलेकींनी तो जमिनीवर उपडा केला. सुतळी, सुंभ, नाडी, मेणाचा दोरा, बुटाची लेससुद्धा. ताई एकेक तुकडा उचलून सांगायला लागली. ही औषधाच्या गोदामातली, घाईची. ही एका म्हाताऱ्या बाईची, ती प्रत्येक गाठीवर आणखी एक गाठ मारते, कुणावरच भरवसा नाही तिचा. ही सुरगाठ, एका ओढीत सुटते, आणि पार्सलावर असली गाठ मारणारा एकतर आळशी किंवा फार प्रेमळ.

"आणि ही?" लेकीने मेणाच्या दोऱ्याचा तुकडा उचलला.

ताईने तो तुकडा तिच्या हातून घेतला. त्या एका गाठीने तिला बरीच वर्षं छळलं होतं. तीन वेढे आणि शेपूट आत खोचलेलं, अशी गाठ पुस्तकं बांधणारे सगळेच मारतात. पण सगळ्यांचे वेढे उजवीकडे वळलेले असतात, हिचे डावीकडे. दर महिन्याला एखादं तरी पार्सल त्याच हाताचं यायचं.

"कोण असेल?" लेकीने विचारलं.

"तेच तर माहीत नाही," ताई म्हणाली, आणि तिला वाटलं, इतकी वर्षं आपण साधं विचारलंसुद्धा नाही.

शनिवारी तिने विषय लिहून दिला, गाठी. सरांनी कागद दोनदा वाचला.

"यावर पाच पानं होतील?"

"ते मलाही बघायचंय," ताई म्हणाली.

सोमवारी तिने पुढच्या खिडकीवरच्या कारकुनाला तुकडा दाखवला. त्याला गाठीतलं काही कळत नव्हतं, पण मेणाचा दोरा त्याने ओळखला. "हा बाइंडरकाकांचा. दर मंगळवारी अकराला येतात."

दुसऱ्या दिवशी ताई अकराला खिडकीशी हजर. बाइंडरकाका आले ते काखेत तीन पार्सलं घेऊन. सत्तरीचे, बोटांना पुस्तकं चिकटवायचा सरस लागलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ताईने गाठीबद्दल विचारलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"सुटली का कुठे? कुणी तक्रार केली?"

"नाही हो काका. तुमची गाठ कधीच सुटलेली नाही. कागद फाटतो, गाठ राहते. मला एवढंच विचारायचंय, ती उलटी का?"

"उलटी कशी?"

ताईने दुसऱ्या एका बाइंडरचा तुकडा शेजारी ठेवला. काकांनी चष्मा वर केला, दोन्ही तुकडे डोळ्यांपाशी नेले, बराच वेळ बघितले. "पन्नास वर्षं बांधतोय," ते हळूच म्हणाले. "कधी लक्षातच आलं नाही."

"तुम्ही डावखुरे आहात का?"

"छे. जेवतो, लिहितो, सगळं उजव्याने."

ताईचा अंदाज तिथेच कोसळला. उलगडा काही होईना आणि काकांचा पाय निघेना. शेवटी ताई म्हणाली, निदान मला शिकवा तरी. ते मागच्या खोलीत आले. दवाखान्याच्या टेबलाच्या अलीकडे ताई, पलीकडे काका. ते सावकाश बांधत गेले, ती त्यांच्या बोटांवर नजर ठेवून समोरून तसंच करत गेली. त्यांचा जो हात हलेल त्याच्या समोरचा हिचा हात हलायचा. तिसऱ्या खेपेला जमली. तिने कौतुकाने आपली गाठ त्यांच्या गाठीशेजारी ठेवली आणि दोघंही बघत राहिले.

ताईची गाठ सरळ आली होती. सगळ्यांची असते तशी, उजव्या पिळाची.

"मी चुकले कुठे?" ताईने विचारलं.

काकांनी खुर्ची मागे सारली आणि टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "तुम्ही नाही चुकलात. मी समोर होतो ना. आरशात बघून केल्यासारखं झालं." मग ते म्हणाले, "माझे उस्ताद शेजारी बसू द्यायचे नाहीत. शिकणाऱ्याने समोर बसायचं, आणि विचारायचं नाही. अकरा वर्षांचा होतो मी. म्हणजे त्यांची सरळ होती, आणि माझी..."

दोन्ही गाठी त्यांनी मागून घेतल्या आणि खिशात टाकल्या.

पाच पानं भरता भरता ताईच्या नाकी नऊ आले. फोटोत गाठ दिसायची नाही, सावलीच दिसायची. लेकीने पांढऱ्या उशीवर तुकडे मांडून फोटो काढून दिले. मजकूर ताईने एका बोटाने टाइप केला. पहिल्या पानावर निरगाठ आणि सुरगाठ, दुसऱ्यावर गोदामाच्या गाठी, तिसऱ्यावर काकांची, त्यांची परवानगी घेऊन. चौथ्यावर गाठ न कापता कशी सोडवायची ते. पाचव्यावर काय घालावं ते सुचेना, म्हणून तिने फक्त एक प्रश्न लिहिला. तुमच्या बुटाच्या लेसची गाठ कोणत्या बाजूला वळते, आणि ती तुम्हाला कुणी शिकवली?

सादर करायच्या दिवशी पाचवं पान पडद्यावर आलं तेव्हा वर्गात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सगळी पोरं खाली वाकली होती. "माझी डावीकडे," मांजरवाली म्हणाली. "बाबांनी शिकवली. समोर बसून." गिटारवाल्याची उजवीकडे होती. आजोबांनी मागून हात धरून शिकवलेली. मग सरांनीही पँटचा काठ वर करून बघितलं. गुण देताना त्यांनी रंगसंगतीचे दोन कापले, कारण ताईने हिरव्यावर पिवळं लिहिलं होतं.

प्रमाणपत्र मिळालं. ताई पुढच्या खोलीत बसायला लागली, पाठीला आराम पडला. वेबसाइट वर्गाने इंटरनेटवर तशीच चालू ठेवली, आणि दोन महिन्यांनी तिच्यावर कुठल्या तरी अनोळखी बाईचा निरोप आला. सोबत एक फोटो होता. आमची आई गेली, तिच्या ट्रंकेत पत्रांचा गठ्ठा अशा गाठीने बांधलेला सापडला. कापायचा धीर होत नाही. हिला काय म्हणतात, आणि ही सुटते कशी?

ताईने फोटो मोठा करून बघितला. असली गाठ तिने कधी पाहिली नव्हती. मंगळवारी काकांना दाखवली, त्यांनाही उमगेना. मग कामाच्या मधल्या सुट्टीत दोघं दवाखान्यात सुतळीचा एकेक तुकडा घेऊन बसले, या वेळी एकाच बाजूला, शेजारी शेजारी.