डोलोरेसचा बिल्ला

डोलोरेस कुबियाकने मिलवॉकीतल्या एका शाळेत चौतीस वर्षं मुलांना जेवण वाढलं. निवृत्तीनंतर ती आमच्या कला संग्रहालयात डोसेंट, म्हणजे लोकांना चित्रं समजावणारी, व्हायला आली, तेव्हा मी तोंडावरच म्हणाले, "अगं बाई, हे काय मटार वाढणं आहे?" माझी जीभ अशीच. जन्मभर लॅटिन शिकवलंय, वर अकरा वर्षांची डोसेंटगिरी!

"हॉफरबाई, मला लहानपणापासून शिक्षिका व्हायचं होतं. वडील गेले आणि शिक्षण सुटलं," ती म्हणाली. "डोसेंट म्हणजे शिकवणारा, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला तुम्हीच सांगितलंत. आता तो बिल्ला मला हवाच."

सांगितलं होतं खरं. लॅटिनमध्ये शिकवण्याला 'डोकेरे' म्हणतात. त्यावरून जर्मन विद्यापीठांत डोझेंट आले. त्यांतल्या कित्येकांना विद्यापीठाचा पगारच नसे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बॉस्टनच्या संग्रहालयाने तो शब्द चित्रं समजावणाऱ्यांना दिला. फुकट राबण्याची परंपरा तेवढी आम्ही इमानाने पाळतो.

बिल्ल्याआधी परीक्षा असते. जुने डोसेंट चौथीची पोरं बनतात आणि नवीन माणसाने त्यांना दालन दाखवायचं. पास-नापास माझ्या हातात, आणि द्वाड पोरगीही मीच. त्या दिवशी मी मुद्दाम तोंडात च्युइंगगम घातलं.

जेवणाच्या टेबलाच्या चित्रापाशी डोलोरेस अडली. चित्रकार आठवेना, साल आठवेना. हातातली टिपणं भराभर उलटली, त्यांतही सापडेना. मला कीव आली, पण तोंड थोडंच गप्प बसणार!

"मिस, तुम्हाला काहीच येत नाही?" मी पोरीच्या आवाजात विचारलं. सगळे म्हातारे खिदळले.

तिने माझ्याकडे पाहिलं. टिपणं पर्समध्ये कोंबली आणि कमरेवर हात ठेवले.

"साल विसरले, राणी. नंतर बघून सांगीन. तोवर तू सांग, या टेबलावरून कोण उठून गेलंय?"

हे चित्र मी हजारदा दाखवलं असेल. साल, रंग, शैली, सगळं तोंडपाठ. मी पुढे झाले. एक खुर्ची तिरकी सरकलेली. ताटात अर्धा खाल्लेला पाव. दार किलकिलं, आणि उंबऱ्यावर पावाचा चुरा.

"पोरगं अर्धवट जेवून खेळायला पळालंय!" मी ओरडले. आवाज माझाच होता, सोंगाचा नव्हता. अकरा वर्षांत मला हे दिसलं नव्हतं! लाज वाटली आणि भलताच आनंदही झाला.

"शाब्बास," डोलोरेस म्हणाली. "अशी ताटं मी रोज उचललीत."

मी तिथेच फॉर्मवर 'पास' लिहिलं आणि माझ्या कोटावरचा बिल्ला काढून तिच्या कोटाला लावला. माझ्यासाठी नवीन येईल महिन्याभरात. तिचे डोळे भरून आले होते. तरी तिने हाताचा तळवा माझ्या हनुवटीखाली धरला.

"च्युइंगगम थुंक आधी," ती म्हणाली. "माझ्या वर्गात चालत नाही."

मी मुकाट्याने थुंकून टाकलं.